जुन्या कोंबड्यांत नव्या जातींची पिल्लं आणताना

प्रश्न थोडक्यात असा: परसात ऱ्होड आयलंड रेड जातीच्या दोन वर्षांच्या सहा कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. आता कळप जरा रंगीबेरंगी व्हावा म्हणून एक सिल्की, एक ब्रह्मा, एक पांढरी लेगहॉर्न आणि एक पोलिश, अशी चार जातींची एक-एक दिवसाची पिल्लं आणायचा विचार आहे. ती जुन्या कोंबड्यांत नांदतील का, आणि एकत्र कधी सोडायची?

नांदतील, पण या यादीतल्या सगळ्या नाहीत, आणि एकेकट्या तर आणूच नका. दोनच जाती निवडा आणि प्रत्येकीची दोन-तीन पिल्लं घ्या. निवडताना पिल्लाच्या फोटोपेक्षा तुमच्या खुराड्यात आज कोणाचं राज्य चालतंय तिकडे जास्त लक्ष द्या. मी २२ वर्षं कोंबड्या पाळते आहे. नवे पक्षी आणल्यावर झालेलं नुकसान मी बरंच पाहिलं. जात मुळातच वाईट निघाली असं त्यात क्वचितच झालं. बहुतेक वेळा आधीच्या कळपाचा विचारच कोणी केलेला नव्हता.

कोंबड्यांत उतरंड असते हे पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डरुप-एब्ब यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने मांडली. कोणी कोणाला टोचायचं आणि कोणी गुमान बाजूला व्हायचं, हे एकदा ठरलं की रोज भांडावं लागत नाही. नुसती मान वर केली तरी काम भागतं. तुमच्या सहा जणींचं हे ठरून दीड-दोन वर्षं झाली असणार. म्हणून त्या शांत दिसतात. नवा पक्षी आत आला की ही घडी विस्कटते, आणि विस्कटलेली घडी बसेपर्यंतचे दिवस सगळ्यांना जड जातात.

कोंबड्या एकमेकींना ओळखतात ते मुख्यतः चेहऱ्यावरून आणि तुऱ्यावरून. जी आपल्यासारखी दिसत नाही तिच्याकडे त्यांचं लक्ष आधी जातं. पोलिशचा प्रश्न इथेच सुरू होतो. तिच्या डोक्यावरचा पिसांचा झुबका इतका मोठा असतो की समोरून आणि वरून येणारी चोच तिला दिसतच नाही. दुसरी कोंबडी टोच येताना पाहून मान चुकवते. हिला टोच बसल्यावर कळतं. शिवाय पोलिश आणि सिल्की या दोन्ही जातींत कवटीचा वरचा भाग उंच फुगलेला असतो आणि पुष्कळ पक्ष्यांत तिथलं हाड पूर्ण मिटलेलं नसतं. भारदस्त कोंबडीने तिथे एक सणसणीत टोच मारली तर मेंदूला इजा होते, मान वाकडी होते.

मी स्वतः ही चूक केली आहे. पाच तगड्या तलंगांबरोबर, म्हणजे अजून अंड्यांवर न आलेल्या तरुण कोंबड्यांबरोबर, एकच पोलिश वाढवली. उबेच्या पेटीत सगळं ठीक होतं. अकराव्या आठवड्यात एका सकाळी खुराडं उघडलं तर ती अंड्यांच्या पेटीखाली, भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात डोकं खुपसून बसलेली. झुबक्याची अर्धी पिसं गायब होती आणि उघड्या कातडीवर मुगाएवढी रक्ताची खपली. रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात, थांबत नाहीत. तिला वेगळं काढलं, जखम भरली, पण त्या कळपात ती परत कधी रुळली नाही. दाणे टाकले की सगळ्या धावायच्या आणि ती मागे, ऐकू येणाऱ्या आवाजाच्या अंदाजाने फिरत राहायची. पुढे तिच्यासारख्याच दोघींबरोबर वेगळ्या जागी ठेवल्यावर मात्र ती अगदी मोकळी वागू लागली. तेव्हापासून झुबकेवाली जात एकटी आणायची नाही, हा नियम मी मोडलेला नाही.

आता तुमच्या यादीकडे वळते. ऱ्होड आयलंड रेड मेहनती, काटक आणि अंड्याला चांगली, पण मवाळ जात नव्हे. नवख्यांना त्या बऱ्यापैकी दाबतात. प्रौढ मादी साधारण तीन किलोची. सिल्की एक-सव्वा किलोची, उडता न येणारी. तिच्या पिसांना एकमेकांत अडकणारे बारीक आकडे नसतात, त्यामुळे पिसं पाणी झटकत नाहीत आणि पावसात ती पार चिंब होते. स्वभावाने इतकी सोशीक की मार खाल्ला तरी पळत नाही. तुमच्या कळपात सिल्की घालू नका. हवीच असेल तर तीन-चार सिल्की आणि पोलिश मिळून त्यांचं वेगळं खुराडं करा. या दोघी एकमेकींत छान राहतात.

लेगहॉर्न दोन किलोच्या आसपासची, म्हणजे तुमच्या कोंबड्यांहून हलकी, पण अतिशय चपळ. ती पळते, उडते, उंच दांडीवर जाऊन बसते आणि मार चुकवते. तिची अडचण वेगळी: माणसाला बिचकते, आणि थंडी कडक असेल तर तिचा मोठा तुरा गोठून टोकं काळी पडतात. वर्षाला २८० च्या पुढे पांढरी अंडी देते. ब्रह्मा याच्या अगदी उलट. मादी चार किलोच्या पुढे जाते, पायांवरही पिसं, चाल संथ, स्वभाव शांत. पूर्ण वाढलेल्या ब्रह्माला तिच्या आकारामुळे सहसा कोणी त्रास देत नाही. पण वाढायला ती फार वेळ घेते, आणि त्या मधल्या काळात तिला जपावं लागतं. तुमच्यासाठी लेगहॉर्न आणि ब्रह्मा ही जोडी चालेल. रंगात फरक हवा पण डोक्याला ताप नको असेल तर काळी ऑस्ट्रेलॉर्प, पट्टेदार प्लिमथ रॉक किंवा ससेक्स याहून सोप्या. तिन्ही वजनाने आणि धिटाईने तुमच्या कोंबड्यांच्या बरोबरीच्या आहेत.

दोन-तीन पिल्लं एकाच जातीची घ्या म्हणते त्याचं कारण हेच. एकटी वेगळी दिसणारी पोर सगळ्यांचं लक्ष्य होते. तिघी असल्या की टोचणं वाटलं जातं आणि झोपायला, खायला सोबत मिळते. संख्या ठरवण्याआधी जागा मात्र मोजा. आत दर कोंबडीमागे निदान ४ चौरस फूट, बाहेरच्या जाळीत १० चौरस फूट, दांडीवर २० ते २५ सेंटिमीटर, ब्रह्माला ३०. जागा कमी पडली तर बाकी कितीही काळजी घ्या, टोचाटोची थांबत नाही. बारा जणींना जागा नसेल तर चारच पिल्लं आणा, एकाच जातीची दोन आणि दुसरीची दोन.

सगळी पिल्लं एकाच दिवशी आणा. आठवड्याभराचा फरकही पेटीत मोठा ठरतो. मोठी पिल्लं लहानांना तुडवतात. उबेचा साधा हिशोब तुम्हाला माहीत असेलच: पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. वेगवेगळ्या जाती एकत्र असल्या की हा हिशोब सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, ही गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. लेगहॉर्नच्या पिल्लांना पिसं झपाट्याने फुटतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती दिव्यापासून लांब पळतात आणि पेटीच्या काठावर उडून बसायला लागतात. ब्रह्माला पिसं हळू येतात, पाठ आणि छाती बराच काळ लवेचीच राहते. म्हणून पेटी लांबट घ्या, दिवा एका टोकाला लावा आणि दुसरं टोक थंड राहू द्या. ज्याला जे हवं ते पिल्लू शोधून घेतं. वर जाळी हवीच. पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि पहिले काही दिवस त्यात गोट्या किंवा खडे घाला, कारण लहान पिल्लू बोटभर पाण्यातही बुडून मरतं.

पहिल्या आठवड्यात रोज प्रत्येक पिल्लाचं बूड बघा. प्रवासाच्या ताणाने विष्ठा चिकटून वाळते आणि वाट बंद होते. कोमट पाण्यात कापूस भिजवून ती हळूहळू सुटी करायची, ओढायची नाही. बूड शेपटीखाली असतं. त्याच्या पुढे, पोटाच्या बाजूला कधी कधी एक काळपट वाळका धागा दिसतो, ती नाळ. नवखी माणसं तीच घाण समजून उपटतात आणि पिल्लू दगावतं. तिला हात लावायचा नाही, ती आपोआप गळते.

आता आजारांबद्दल, आणि इथे मी जरा सावकाश लिहिते, कारण टोचाटोची डोळ्यांना दिसते, हे दिसत नाही. तुमच्या कोंबड्या ठणठणीत आहेत याचा अर्थ त्यांच्या अंगात काहीच नाही असा होत नाही. रक्ती हगवणीचे जंतू, म्हणजे आयमेरिया, जवळपास प्रत्येक अंगणात असतात. मोठ्या कोंबड्यांना लहानपणीच त्यांची सवय झालेली असते, पण त्यांच्या विष्ठेतून ते बाहेर पडत राहतात. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ते लागण करण्याजोगे होतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लाला यांचा मोठा डोस एकदम मिळाला की पिल्लू पिसं फुगवून डोळे मिटून उभं राहतं, खात नाही, शिटीत रक्त दिसतं, आणि दोन दिवसांत हातचं जातं. असं पिल्लू दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठा. ॲम्प्रोलियम हे औषध पाण्यातून दिलं तर बहुतेक पिल्लं वाचतात, पण उशीर चालत नाही.

यावर माझा उपाय ओळख हळूहळू करून देण्याचा आहे. दुसऱ्या आठवड्यापासून अंगणातल्या कोरड्या जागेची मूठभर माती पेटीच्या कोपऱ्यात टाकते. पिल्लं ती उकरतात, थोडे थोडे जंतू पोटात जातात आणि प्रतिकारशक्ती तयार होते. पेटीतला भुसा मात्र कोरडा ठेवायचा. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग रोज काढायचा. पिल्लं रक्ती हगवणीची लस देऊन आली असतील तर त्यांना ॲम्प्रोलियम घातलेलं खाद्य देऊ नका, त्याने लसच वाया जाते. म्हणून पिल्लं घेतानाच कोणकोणत्या लशी दिल्या ते विचारून लिहून ठेवा.

मरेक्स हा दुसरा. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये याचं वर्णन केलं. हा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून लुळं पडलेलं तलंग हे त्याचं ठरलेलं चित्र. लस अंड्यातून बाहेर आल्याच्या दिवशीच देतात, आणि संरक्षण तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढा काळ पिल्लं जुन्या खुराड्यापासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवा. लस आजार टाळते, लागण टाळत नाही. लस दिलेली निरोगी कोंबडीही विषाणू पसरवू शकते. म्हणून आधी पिल्लांना खायला घाला, मग जुन्यांकडे जा, उलट नको. आणि दोन्हीकडे पायात वेगळं काहीतरी घाला.

पिल्लांऐवजी कोणी मोठी तलंग देऊ केली, तर मोह आवरा. श्वासाचे काही आजार, उदाहरणार्थ मायकोप्लाझ्मा, बरे झाल्यावरही कोंबडीच्या अंगात आयुष्यभर राहतात. मोठा पक्षी आणलाच तर निदान ३० दिवस पूर्ण वेगळा ठेवायचा. एक-दिवसाच्या पिल्लांचा मोठा फायदा हाच की हा धोका त्यांच्यात बराच कमी असतो.

खाद्याचं थोडक्यात. अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. पिल्लांना साधारण एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांची वाट लावतं. एकत्र आल्यावर दोन भांड्यांतलं खाद्य कोण कुठलं खातंय यावर तुम्ही पहारा ठेवू शकणार नाही. म्हणून सगळ्यांनाच वाढीच्या पक्ष्यांचं खाद्य द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी देणाऱ्या हव्या तेवढ्या खातात, पोरी सहसा तोंड लावत नाहीत. ॲम्प्रोलियमचं खाद्य तोवर बंद झालेलं असावं.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास पिसं पूर्ण आली की पिल्लं खुराड्याच्या आवारात न्या, पण मध्ये जाळी हवी. जुन्यांना ती दिसली पाहिजेत, चोच पोचता कामा नये. जाळीच्या दोन्ही बाजूंना खाद्याची भांडी समोरासमोर ठेवा, म्हणजे एकमेकींच्या सहवासात शांतपणे खायची सवय होते. हे निदान चार आठवडे चालू द्या. लोक इथे घाई करतात, दोन दिवस शांत गेले की जाळी काढतात.

त्यानंतर मी जाळीत तळाशी साधारण १२ सेंटिमीटर रुंदीची फट ठेवते. पोरी त्यातून जुन्यांच्या आवारात येतात आणि एखादी अंगावर आली की परत आपल्या बाजूला सटकतात. मोठ्यांना ती फट पुरत नाही. पहिल्या दिवशी एखादीच धीट लेगहॉर्न डोकं बाहेर काढते, दोन पावलं टाकते, एका लाल कोंबडीने मान वळवली की जीव घेऊन मागे पळते. चार दिवसांनी तीच निवांत अंग मातीत घुसळत बसलेली दिसते. हे शिकणं त्यांचं त्यांनाच करू द्या. ब्रह्मा लवकर रुंद होतात, त्यांच्या अंगाप्रमाणे फट अधूनमधून मोजून घ्या.

जाळी पूर्ण काढायची ती पोरी आकाराने मोठ्या कोंबडीच्या दोन-तृतीयांश झाल्यावर, म्हणजे बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात. त्या दिवसापासून खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन, एकमेकांच्या नजरेआड. भिंतीला तिरकी टेकवलेली फळी ठेवा, पण दोन्ही बाजूंनी उघडी. एका बाजूने बंद आडोसा म्हणजे सापळा. रात्री अंधारात पोरींना दांडीवर नेऊन बसवायची पद्धत चांगली आहे, अंधारात कोंबड्या जवळजवळ आंधळ्या असतात आणि भांडत नाहीत. पण तेवढ्याने काम होत नाही. उजाडायच्या आत तुम्ही तिथे हजर असायला हवं.

पहिल्या आठवड्यात पाठलाग होणार, मानेची पिसं उभी राहणार, एखाद-दुसरी टोच बसणार. त्यात पडू नका. रक्त निघालं, किंवा एखादीला दिवसभर खाऊ-पिऊ दिलं जात नाही, तरच मध्ये जा. तेव्हा मार खाणारीला काढण्याऐवजी मारणारीला तीन-चार दिवस वेगळं ठेवा. ती परत येते तेव्हा तिची जागा भरलेली असते आणि तिचा तोरा उतरतो. आणि लक्ष सर्वांत वरच्या कोंबडीवर ठेवू नका. ती सहसा एक टोच मारून विषय संपवते. जुन्या सहांत जी सर्वांत खालची आहे तिच्यावर ठेवा. आजवर तिच्या खाली कोणीच नव्हतं; पोरी तिच्या डोक्यावर गेल्या तर तिला परत तळाशी जावं लागणार. ती सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत जास्त दिवस छळते, असा माझा अनुभव आहे.

याच सुमारास तुमची एखादी कोंबडी खुडूक बसलेली असेल तर हे सगळं बरंच सोपं होतं. दोन आठवडे ती खोटी अंडी धरून बसली असेल, तर रात्री अंधारात एक-दोन दिवसांचं पिल्लू मुठीत घेऊन तिच्या पोटाखाली सरकवायचं आणि त्याच हाताने एक खोटं अंडं काढून घ्यायचं. पिल्लू आत चिवचिवतं, कोंबडी क्षणभर ताठ होते, मग घशातल्या घशात खोल, अखंड गुरगुरल्यासारखा आवाज काढते आणि पंख सैल करते. तो आवाज आला की समजायचं, पोर पदरात घेतली. तरी पहाटे जाऊन बघायचं, कारण उजेडात नाकारणाऱ्याही असतात. तिने घेतली तर कळपाशी ओळख, चारा, भांडणं, सगळं तीच पाहते. मरेक्सच्या लशीला जो एकांत लागतो तो मात्र मिळत नाही, हे गृहीत धरा. ऱ्होड आयलंड रेड फारशा खुडूक बसत नाहीत, त्यामुळे यावर विसंबून पिल्लं आणू नका.

नर निघाले तर काय, हेही आणण्याआधी ठरवा. नर-मादी निवडून न घेतलेल्या पिल्लांत निम्मे नर असू शकतात, आणि सिल्कीसारख्या जातीत तर चार-पाच महिने खात्रीने सांगता येत नाही. लाल कोंबडा आणि पट्टेदार कोंबडी यांच्या पहिल्या पिढीच्या संकरात नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, तिथे पहिल्याच दिवशी ओळख पटते. कोंबडा नकोच असेल तर अशी पिल्लं बघा. दहा-बारा कोंबड्यांत एक कोंबडा ठीक, दोन झाले तर मादींच्या पाठी सोलवटतात.

पोरी अंड्यांवर आल्या की घडी पुन्हा एकदा हलते. लेगहॉर्न पाचव्या महिन्याच्या आसपास, ब्रह्मा सहा-सात महिन्यांच्या झाल्यावर. तुरा लाल होतो, पाठीवर हात ठेवला की दबून बसतात. तेव्हा अंड्यांची एक पेटी वाढवा आणि आठ-दहा दिवस परत नजर ठेवा. ब्रह्मासाठी एक दांडी जमिनीपासून फूट-दीड फुटावर असू द्या. उंचावरून रोज उडी मारून जड कोंबडीच्या तळव्याला जखम होते आणि तिथे पू धरतो.

सगळ्या एकमेकींत मिसळल्या का, हे मी दिवसा बघत नाही. रात्री टॉर्च घेऊन दांडी बघते. सुरुवातीला जुन्या एका टोकाला आणि पोरी दुसऱ्या टोकाला, मध्ये वीतभर मोकळी जागा असते. मग एखाद्या रात्री एक पोर दोन जुन्या कोंबड्यांच्या मध्ये अंग चोरून झोपलेली दिसते. तोवर दुसरं भांडं काढू नका.